संथ नेम आणि झटपट पिस्तूल, दोन्ही एकत्र जमवायचं कसं?

संथनेमी: नमस्कार मंडळी. तीन वर्षं १० मीटर एअर पिस्तूल करतोय. ६० शॉट, ७५ मिनिटं, एक हात, कसली घाई नाही. हल्ली स्वसंरक्षणासाठी ९ एमएम पिस्तुलाचा सरावही सुरू केलाय. होल्स्टरमधून काढायचं, दोन हातांची पकड, ७ मीटरवर पटापट दोन गोळ्या. तिथे मी गोगलगाय! आणि परत एअर पिस्तुलावर आलो की शॉट डावीकडे खाली जातात. आठवड्याला तीनच दिवस मिळतात. वाटणी कशी करू, की एक सोडून देऊ?

खटका: उजव्या हाताने मारता ना? मग डावीकडे खाली म्हणजे चापाला हिसका बसतोय. एअर पिस्तुलाचा ट्रिगर ५०० ग्रॅमच्या आसपास, तुमच्या ९ एमएमचा बहुधा अडीच किलोच्या घरात. बोट तिकडचा जोर इकडे घेऊन येतं.

काही सोडू नका. फक्त वेग कुठे मिळतो ते बघा. वेळ वाचतो पिस्तूल काढून डोळ्यासमोर आणण्यात, चाप ओढण्यात नाही. शिवाय ७ मीटरवरच्या मोठ्या लक्ष्याला फ्रंट साइट (नळीच्या टोकाचा नेमाचा खुंट) मागच्या खाचेत दिसली तरी भागतं, ती मधोमध बसायची वाट बघू नका. आपल्यासारख्यांना हेच जड जातं, साडेअकरा मिलिमीटरच्या दहा गुणांच्या वर्तुळाची सवय ना! २५ मीटरवर मात्र अशी ढिलाई केलीत की गोळी गेलीच बाहेर.

भराभर: खटकाशी सहमत, पण नुसत्या टायमरच्या नादी लागू नका. आयपीएससीत, म्हणजे झटपट पिस्तुलाच्या स्पर्धांत, गुणांना सेकंदांनी भागतात ते उगाच नाही. ९ एमएमने दोन्ही गोळ्या ए मध्ये (लक्ष्याचा मधला भाग) म्हणजे १० गुण, अडीच सेकंदांत मारल्यात तर भागाकार ४. घाईत दोन सेकंदांत एक ए, एक डी (सगळ्यात बाहेरचा भाग) मारलात तर ६ गुण, हाती ३.

वाटणी म्हणाल तर दोन दिवस एअर पिस्तूल, एक दिवस ९ एमएम. त्या दिवशी सुरुवातीच्या दहा गोळ्या २५ मीटरवर संथ, शेवटच्या पाचही तशाच.

खटका: एकाच दिवशी संथ आणि झटपट दोन्ही? मला कधी जमलं नाही. त्यापेक्षा २५ मीटर पिस्तूल प्रकारातला रॅपिड, म्हणजे झटपट मारायचा टप्पा, करून बघा. लक्ष्य ३ सेकंद दिसतं, ७ सेकंद गायब, हात ४५ अंशात खाली, दर वेळी एकच गोळी. घाईतही चाप सरळ ओढावा लागतो.

संथनेमी: आणि घरी ड्राय फायर, म्हणजे गोळीविना चाप ओढायचा सराव?

भराभर: रोज दहा मिनिटं. मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचा, गोळ्या दुसऱ्या खोलीत, समोर गोळी अडवेल अशी भिंत. साइट लक्ष्यावर येईपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. फ्रंट साइटमागे स्लाइडवर नाणं ठेवा आणि ते न पाडता चाप ओढा. आधी सावकाश, मग दीड सेकंदात.

संथनेमी: एअर पिस्तुलाची ऐट उतरली. सावकाशमध्येच चौदा वेळा पडलं, एकदा तर कपाटाखाली गेलं.