लहान घरासाठी बाळाची हाय चेअर: कोणती घेऊ?

मऊभात:
नमस्कार मंडळी, लेक पुढच्या महिन्यात सहा महिन्यांची होईल, उष्टावण झालं की खाणं सुरू. आम्ही डोंबिवलीत वन बीएचकेत पाच जण, हॉलमध्ये सोफा कम बेड, टीव्ही, सासऱ्यांची आरामखुर्ची, रात्री गाद्या घातल्या की पाय ठेवायला जागा नसते. डायनिंग टेबल नाही, भिंतीला लावलेलं फोल्डिंगचं टेबल आहे त्यावर नवऱ्याचं वर्क फ्रॉम होम, आम्ही खालीच बसून जेवतो. नणंद म्हणतेय हाय चेअर मी घेते, तू फक्त कोणती ते सांग. ऑनलाइन बघितलं तर फोर इन वन, सेव्हन इन वन, चाकांची, झोक्याची... डोकंच फिरलं. सासूबाई म्हणतात मांडीवर घेऊन भरव, खुर्ची कशाला. टेबलाला अडकवायची पण एक मिळते ना, ती चालेल का?

गॅलरीतली_तुळस:
फोल्डिंग या शब्दाला भुलू नकोस गं. फोल्ड करायची म्हणजे आधी ट्रे काढा, घासा, सीट पुसा, फटीतली खिचडी टूथब्रशने काढा आणि मग दुमडा, दिवसातून तीनदा हे कोण करतंय? आमची दुसऱ्या आठवड्यापासून हॉलमध्ये कायमची उघडीच, वर लंगोट वाळत घातलेले. घ्यायचीच असेल तर दुमडल्यावर आपली आपण उभी राहते का ते बघ, नाहीतर दाराआड टेकवायची आणि दार उघडलं की धाडकन. गादीवाली तर मुळीच नको, पावसाळ्यात कव्हर चार चार दिवस वाळत नाही, वास मारतो.

ठाणेकर_बाबा:
आयकियाची अँटिलोप बघा, नवी मुंबईत तुर्भ्याला स्टोअर आहे. गादीबिदी काही नाही, नुसतं प्लास्टिक, बाथरूममध्ये नेऊन नळाखाली धरायची. पाय निघतात, पण रोज काढघाल करण्यातले नाहीत ते, गावाला नेताना वगैरे ठीक. पाय खाली फाकलेले असल्यामुळे साधारण 58 बाय 62 सेंमी जागा खाते, आधी टेप घेऊन मोजा. 15 किलोपर्यंत चालते. पाय टेकवायला मात्र काही नाही, ते वेगळं घेऊन लावावं लागतं.

सांधेदुखी:
मी फिजिओ आहे म्हणून दोन शब्द. रंग आणि खेळणी सोडा, बाळ बसतं कसं ते बघा. पाठ ताठ, गुडघे काटकोनात आणि तळवे कशावर तरी टेकलेले हवेत. पाय लोंबकळत राहिले की बाळ चुळबुळ करतं, एका बाजूला कलतं, मग आपण म्हणतो खात नाही. रेलून भरवायचं नाही, घास घशात जायची भीती. पट्टा पाच जागी अडकणारा चांगला, आणि दोन पायांच्या मधे दांडी असलेली बघा म्हणजे बाळ खाली घसरत नाही. ट्रे लावला म्हणजे बाळ अडकलं असं समजू नका, पट्टा प्रत्येक वेळी लावायचाच. आणि सहा महिने झाले म्हणून लगेच खुर्ची असं नाही, मान धरलेली हवी आणि थोड्या आधाराने बसता यायला हवं. तोपर्यंत सासूबाईंची मांडी उत्तम :)

@मऊभात, ती अडकवायची खुर्ची भिंतीच्या टेबलाला अजिबात लावू नका. काचेच्या किंवा मधे एकच पाय असलेल्या टेबलालाही नाही.

नाचणीसत्व:
तुम्ही खाली बसून जेवता ना, मग उंच खुर्ची हवीय कशाला? बूस्टर सीट घ्या. बुटकी असते, ट्रेवाली मिळते, जमिनीवर ठेवली की बाळ पंगतीतच बसलं, आणि कुणाकडे गेलं की मागच्या पट्ट्यांनी त्यांच्या खुर्चीला बांधायची. आमची काम झालं की ओट्याखाली जाते. माझा लेक आजोबांच्या ताटात बघून वरणभात शिकला, उंचावर एकटा बसवला की नुसता पंखा बघत बसायचा. बुटकी आहे म्हणून ओट्यावर किंवा सोफ्यावर ठेवून भरवू नका एवढंच. आणि खाली जुनी साडी अंथरा, पहिले दोन महिने अर्धं जेवण तिथेच असतं.

ठाणेकर_बाबा:
+1, खाली जेवणाऱ्यांना हेच बरं. अँटिलोप मागे घेतो.

मऊभात:
बूस्टरचं पटलं, सासूबाईंनाही पटलं कारण त्यांच्या शेजारीच बसणार. सोसायटीच्या ग्रुपवर एक आलीय वापरलेली, एकदम स्वस्तात, घेऊ का? नणंदेला दुसरं काहीतरी सांगेन.

गॅलरीतली_तुळस:
घे की, पण जाऊन बघ, फोटोवर नको. बकल दहा वेळा लाव काढ, जोरात ओढून बघ सुटतंय का. सीट उलटी करून खालून चिरा बघ. मागचे खुर्चीला बांधायचे पट्टे आहेत का विचार, लोक नेमके तेच हरवतात. आणि नणंदेला मिक्सरचं लहान भांडं सांग, रोज लागेल.

मऊभात:
हाहा, मिक्सरच सांगते. उद्या संध्याकाळी बघायला जातेय, पट्ट्यांचा फोटो टाकते इथे.