सकाळचा वर्ग, रात्रीची बैठक

संगीत महोत्सवातल्या कार्यशाळेत शिकलेले दोन दिवसांत विसरले जाते, हे म्हणणे बऱ्याच अंशी खरे असले, तरी आयर्लंडमधील मिलटाउन मॅलबे या गावी १९७३ पासून जुलैत भरणाऱ्या विली क्लॅन्सी समर स्कूल या आयरिश पारंपरिक संगीताच्या उन्हाळी शाळेची रीत पाहण्यासारखी आहे. तेथे सकाळच्या वर्गात शिक्षक धून तुकड्यातुकड्याने वाजवून दाखवतात आणि शिकणारे ती मुख्यतः कानाने उचलतात. कोपराने दाबायच्या भात्यावर चालणाऱ्या इलन पाइप्स या आयरिश बॅगपाइपवर तर बोटांआधी कोपराचीच परीक्षा होते. रात्री पबमधल्या बैठकीत तीच धून निघाली, तर नवख्यालाही हळूच सूर मिसळता येतो. (येत नसेल तर गप्प बसून ऐकणे, हाही तिथला शिष्टाचारच.) आपल्याकडे संबळ-तुणतुण्याच्या कार्यशाळेनंतर जाणत्यांच्या शेजारी बसून वाजवण्याची अशी सोय मी तरी क्वचितच पाहिली आहे.