रंगाच्या आधी ओल बघा

फ्लॅट विकायचा असेल तर आधी पसारा आवरा आणि आख्खा फ्लॅट रंगवून घ्या, पैसे वसूल होतात, असा सल्ला नेहमी दिला जातो. मला तो अर्धाच पटतो. पसारा कमी करा, माळे रिकामे करा, ट्यूबलाइट बदला इथपर्यंत शंभर टक्के सहमत, पण पंधरा-वीस वर्षं जुन्या बिल्डिंगमध्ये फक्त बाथरूमच्या बाजूची भिंत नवीकोरी दिसली की घेणाऱ्याला पहिला संशय ओलीचाच येतो, आणि पुण्या-मुंबईत पावसाळ्यात बघायला आलेला माणूस सरळ भिंतीवर हात फिरवूनच बघतो. मामाचा कोथरूडचा फ्लॅट विकताना आम्ही आधी वरच्यांच्या बाथरूमचं लीकेज काढायला लावलं (सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, संडास-सिंकमधून होणारी आतली गळती ही सभासदाने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची असते, हे सेक्रेटरीला दाखवल्यावरच वरचे काका हलले), भिंत पूर्ण सुकू दिली आणि मगच रंग.

आणि एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, ती म्हणजे कागद. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू (खरेदीची नोंदणी झाल्याचा सरकारी उतारा), आधीच्या मालकांपासूनची सगळी अ‍ॅग्रीमेंट्स, प्रॉपर्टी टॅक्स आणि मेंटेनन्सच्या पावत्या अशी फाइल टीपॉयवर तयार ठेवा. जुन्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये बऱ्याचदा बिल्टअप एरिया (भिंतींसकट) लिहिलेला असतो, त्यामुळे कार्पेट एरिया (आतली वापरायची जागा) स्वतः टेप लावून मोजून ठेवा, लोक हल्ली टेप घेऊनच येतात. मामाकडे ज्यांनी शेवटी घेतला त्यांनी पडद्यांकडे बघितलंसुद्धा नाही, अर्धा तास फाइलच चाळत बसले होते.