मदत हवी आहे: हडसन काउंटीत (न्यू जर्सी) घर कुठे घ्यावं?

रेवा_प
नवऱ्याची बदली न्यूयॉर्कला झाली आहे. सुरुवातीला कंपनी हॉटेल देते, नंतर आपलं आपण बघायचं. जो तो म्हणतो हडसन काउंटी बघा. नकाशात जर्सी सिटी, होबोकेन, युनियन सिटी, वीहॉकन, बेयोन सगळं एकाला एक चिकटलेलं दिसतं. ही एकाच शहराची उपनगरं आहेत की वेगळी गावं? सुरक्षित कुठे, भाडं कमी कुठे? जर्सी सिटी हाइट्समध्ये एक घर पसंत पडलंय, मालकाला उद्या हो-नाही कळवायचंय. कृपया लवकर सांगा. गूगल करून झालंय.

जुना_हडसनकर
ऑफिस न्यूयॉर्कमध्ये नेमकं कुठे? मुलं आहेत का? गाडी घेणार का? बजेट किती? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग सांगणार काय?

तोवर ढोबळ माहिती देतो. काउंटीत १२ स्वतंत्र गावं आहेत. प्रत्येकाचा महापौर वेगळा, मालमत्ता कर वेगळा. मुख्यालय जर्सी सिटी. १८४० साली बर्गन काउंटीतून ही वेगळी काढली. क्षेत्रफळात न्यू जर्सीतली सगळ्यात लहान काउंटी, पण दाटी सर्वाधिक: २०२० च्या जनगणनेत ७,२४,८५४ माणसं, त्यातली २,९२,४४९ एकट्या जर्सी सिटीत.

नकाशात चढ दिसत नाही, ते आधी समजून घ्या. पूर्वेला हडसन नदी, पश्चिमेला हॅकेनसॅक नदी आणि मधोमध उत्तर-दक्षिण पॅलिसेड्सचा खडकाळ कडा. होबोकेन आणि जर्सी सिटीचा डाउनटाउन कड्याखाली, पाण्याच्या पातळीला. हाइट्स, युनियन सिटी, वेस्ट न्यूयॉर्क कड्यावर. कार्नी, हॅरिसन, ईस्ट नेवार्क तर हॅकेनसॅकच्याही पलीकडे, पसाइक नदीच्या काठी. अंतर अर्धा मैल दिसेल, पण मधे तो कडा चढायचा असतो.

एडिसनवासी
हडसन काउंटीच्या भानगडीत पडूच नका. एडिसनला या. शाळा उत्तम, आपली माणसं, देऊळ, मराठी मंडळी, पार्किंगची कटकट नाही. आम्ही जर्सी सिटीत दोन वर्षं काढून इकडे आलो, फार सुखी आहोत.

जुना_हडसनकर
एडिसन मिडलसेक्स काउंटीत आहे. त्यांनी विचारलंय हडसनचं. तिथून मॅनहॅटनला रोज ट्रेनने जाण्यात किती वेळ जातो तेही लिहा ना.

एडिसनवासी
ट्रेनमध्ये बसायला जागा मिळते. तुमच्या पाथमध्ये (हडसनखालून मॅनहॅटनला जाणाऱ्या ट्रेनमध्ये) सकाळी पाय ठेवायला मिळत नाही.

कडेकपारी
वीहॉकनचं नाव आलं म्हणून सांगते. अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन आणि उपराष्ट्राध्यक्ष अ‍ॅरन बर यांचं द्वंद्व १८०४ साली तिथेच झालं, त्या कड्याच्या पायथ्याशी. आणि एलिस आयलंड (पूर्वी स्थलांतरितांची तपासणी व्हायची ते बेट) न्यूयॉर्कचं समजतात, पण १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा बराचसा भाग न्यू जर्सीचा ठरवला. भराव टाकून वाढवलेला भाग आमचा!

रेवा_प
माहिती छान आहे, पण मला उद्या उत्तर द्यायचंय. ऑफिस मिडटाउनला, मॅनहॅटनच्या मध्यभागात आहे. गाडी नाही घेणार. मालक दोन महिन्यांचं डिपॉझिट मागतोय, हे नेहमीचंच का?

सुमेधा_वि
दोन महिन्यांचं नको. न्यू जर्सीत दीड महिन्याच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही. मेख अशी की मालक त्याच इमारतीत राहत असेल आणि भाड्याचे गाळे दोन किंवा कमी असतील, तर हा कायदा आपोआप लागू होत नाही, भाडेकरूने लेखी नोटीस द्यावी लागते. हाइट्समध्ये अशी दोन कुटुंबांची घरं पुष्कळ आहेत. तुमचा मालक वरच्या मजल्यावर राहतो का?

बेसमेंट_नको
भाडं कमी म्हणून तळघर घेऊ नका, हे हात जोडून सांगतो. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सँडी वादळात हडसनचं पाणी होबोकेनमध्ये शिरलं, रस्त्यात अडकलेल्या लोकांना काढायला नॅशनल गार्डचे ट्रक आले. होबोकेनचं पाथ स्टेशन डिसेंबरपर्यंत बंद होतं. मी तेव्हा तळघरातच राहायचो. भिंतीचं प्लास्टर हाताने ओलं पीठ काढावं तसं निघत होतं. पुराच्या धोक्याबद्दल भाडेकरूला लेखी सांगण्याचा कायदा २०२४ पासून आहे. तुमच्या घराला तो लागू असो वा नसो, विचारा.

जुना_हडसनकर
हाइट्स कड्यावर आहे, तिथे नदीचं पाणी चढत नाही. उगाच घाबरवू नका.

बेसमेंट_नको
नदीचं नाही, पावसाचं तुंबतं. गटारं जुनी आहेत. तळघर ते तळघरच.

बेयोनकर_काका
मिडटाउन असो वा आणखी कुठे, बेयोन बघा. शांत, भाडं बरं, लाइट रेल (ट्रामसारखी गाडी) आहे. १९३१ चा बेयोन ब्रिज बघायला माणसं येतात.

सुमेधा_वि
काका, बेयोनहून मिडटाउन म्हणजे लाइट रेल आणि मग पाथ. गाडी नसलेल्या माणसाला रोज ते सांगू नका.

पाथवाला
मिडटाउन म्हणजे ३३ वी स्ट्रीट की ४२ वी? सगळं त्यावर आहे.

३३ वी असेल तर जर्नल स्क्वेअर, ग्रोव्ह स्ट्रीट, न्यूपोर्ट यांतलं काहीही घ्या, एकच गाडी थेट जाते. एक्सचेंज प्लेसहून मात्र थेट जात नाही, तिथल्या गाड्या वर्ल्ड ट्रेड सेंटरला जातात. ४२ वी असेल तर बस, पोर्ट ऑथॉरिटी टर्मिनलला उतरवते. हाइट्सच्या सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरून ११९ नंबर जाते, पण लिंकन टनेलच्या तोंडाशी गर्दीत अडकते. लाइट रेलच्या नाइन्थ स्ट्रीट-काँग्रेस स्ट्रीट स्टेशनला कडा उतरायची लिफ्ट आहे. हाइट्समधून लिफ्टने खाली, लाइट रेलने होबोकेन टर्मिनल, तिथून ३३ वी ची पाथ. घरापासून काँग्रेस स्ट्रीटपर्यंत चालत किती वेळ लागतो ते मालकाला नाही, नकाशाला विचारा.

रेवा_प
३४ वी आणि सातवा अ‍ॅव्हेन्यू. मुलगा चार वर्षांचा आहे. मालक खालच्या मजल्यावर राहतो. काँग्रेस स्ट्रीट नऊ मिनिटं दाखवतंय.

पाथवाला
मग घ्या. ३३ वी स्ट्रीट स्टेशनपासून ऑफिस चालत.

सुमेधा_वि
मुलगा चार वर्षांचा हे आधी हवं होतं! जर्सी सिटी आणि होबोकेनच्या सरकारी शाळांत तीन-चार वर्षांच्या मुलांना पूर्ण दिवसाचं प्रीस्कूल मोफत आहे. खासगीत यालाच महिन्याला मोठी रक्कम जाते. पत्त्याचा पुरावा लागतो, म्हणजे करारावर सही झाल्याबरोबर नोंदणीच्या मागे लागा. आणि डिपॉझिटबद्दल त्या मालकाशी स्पष्ट बोला, दीड महिना कायद्याचा आकडा आहे म्हणून सांगा; तो त्याच घरात राहतो, तेव्हा ऐकलं नाही तर वर लिहिलेली लेखी नोटीस द्या.

जुना_हडसनकर
सुरक्षिततेचं कुणी बोललंच नाही. १९८७ च्या सुमारास डॉटबस्टर्स म्हणवणाऱ्या टोळ्यांनी जर्सी सिटीत आपल्या लोकांना मारहाण केली होती, होबोकेनमध्ये त्याच वर्षी एका भारतीय माणसाचा जीव गेला. आज त्याच शहरात जर्नल स्क्वेअरजवळ न्यूअर्क अ‍ॅव्हेन्यूवर इंडिया स्क्वेअर गजबजलेला असतो. जुन्या लोकांनी तेव्हा दुकानं बंद केली नाहीत, हे विसरू नये. घर ठरवण्याआधी मात्र रात्री नऊनंतर त्या रस्त्याने एकदा चालून या.

करविषयक
एक राहिलं. न्यू जर्सीत राहून न्यूयॉर्कमध्ये नोकरी म्हणजे दोन राज्यांची विवरणपत्रं. न्यूयॉर्कला भरलेल्या कराचं श्रेय न्यू जर्सीत मिळतं. न्यूयॉर्क शहराचा वेगळा आयकर मात्र बाहेर राहणाऱ्याला नाही.

रेवा_प
डिपॉझिट दीड महिन्यावर आलं. उद्या सकाळी सही. प्रीस्कूलच्या नोंदणीला लसीकरणाचे भारतातले कागद चालतात का?

अनामिका_ह
माझी मुलगी ऑगस्टमध्ये होबोकेनला स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमध्ये शिकायला येते आहे, तिला खोली हवी आहे. कुणी मदत कराल का?

सुमेधा_वि
रेवा, भारतातले कागद शाळेच्या नर्सला दाखवा, इंग्रजीत तारखा स्पष्ट असू द्या. राहिलेली लस इथे घेता येते. अनामिका, तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, ऑफिसची नाही तरी बजेटची माहिती लिहा.