'इलमॅटिक' ऐकायचा तर तबकडीवरच! पटतंय का?

खरखर
रॅपर नासचा 'इलमॅटिक' हा अल्बम मी पंधरा वर्षं फोनवर ऐकत आलोय. गेल्या महिन्यात त्याची एलपी, म्हणजे तबकडी, आणली आणि आता ठामपणे म्हणतो, हा अल्बम तबकडीवरच ऐकावा.

१९ एप्रिल १९९४ ला तो आला तेव्हा नास २० वर्षांचा होता. दहा ट्रॅक, जेमतेम चाळीस मिनिटं. तबकडीच्या एका बाजूचं नाव 'फोर्टिएथ साइड नॉर्थ', दुसरीचं 'फॉर्टी फर्स्ट साइड साउथ'. न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सब्रिजच्या ज्या सरकारी वसाहतीत तो वाढला, तिथल्याच रस्त्यांवरून ही नावं घेतलीत. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं कुठलं, तर 'हाफटाइम'. ते संपतं, सुई मधल्या रिकाम्या चरात फिरत राहते, आणि आपण उठून तबकडी पालटतो. म्हणजे रस्ता ओलांडून पलीकडे जातो. फोनवर हे कधीच जाणवलं नव्हतं.

शिवाय हे हिप-हॉप संगीतच टर्नटेबलवर, म्हणजे तबकडी फिरवणाऱ्या यंत्रावर जन्मलं. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्याच ब्रॉन्क्समध्ये डीजे कूल हर्कने ती प्रसिद्ध पार्टी केली, जिथून हिप-हॉप सुरू झालं असं मानतात, आणि नासचा जन्म त्याच वर्षीच्या सप्टेंबरातला.

वॉकमनवाला
अजिबात पटत नाही. १९९४ मध्ये सामान्य माणूस कॅसेट नाहीतर सीडी घ्यायचा, तबकड्या मुख्यतः डीजे लोकांकडे असायच्या. क्वीन्सब्रिजच्या पोरांनी हे टेपवर आणि रात्रीच्या कॉलेज रेडिओवर ऐकलं. अल्बम अधिकृतपणे येण्याआधीच त्याच्या चोरट्या प्रती फिरत होत्या. आज महागडी एलपी घेऊन 'खरा अनुभव हाच' म्हणणं ज्यांनी तो घडवला आणि आधी उचलून धरला त्यांच्यावर अन्याय आहे.

आणि 'हाफटाइम' मध्यंतर म्हणून लिहिलेलं नाही हो. ते १९९२ मध्येच एका सिनेमाच्या साउंडट्रॅकवर येऊन गेलं होतं. बाजू तर कॅसेटलाही दोनच.

नादखुळी
दोघांनाही एक विचारते. तुम्हाला जी खरखर हवी आहे ती आधीच आत भरलेली आहे, त्याचं काय? 'द वर्ल्ड इज युअर्स'ची पियानोची ओळ निर्माता पीट रॉकने जॅझ पियानोवादक अहमद जमालच्या १९७० च्या रेकॉर्डवरून उचलली. तेव्हाचं एसपी-१२०० हे आवाजाचे तुकडे टिपून पुन्हा वाजवणारं यंत्र १२ बिटचं, म्हणजे सीडीपेक्षा भरड आवाजाचं, त्यात जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावायचा. म्हणून बरेच जण मिनिटाला तेहतीस फेऱ्यांची तबकडी पंचेचाळीसवर पळवून आवाज आत घ्यायचे आणि मग यंत्रात त्याचा वेग उतरवायचे. त्या काळच्या बीट्सचा तो दाणेदार, किंचित मळका पोत इथूनही आलाय. सीडी लावा, फोन लावा, जुनी तबकडी ऐकू येतेच. तिच्यावर आणखी एक सुई फिरवून काय नवं मिळतं, मला खरंच कळलेलं नाही.

उलट एक तोटा सांगते. तबकडीच्या मध्याजवळच्या, आतल्या चरांमध्ये सुईला दर फेरीला अंतर कमी मिळतं, तिथे 'स' आणि 'श' फसफसतात. 'इट एन्ट हार्ड टु टेल' नेमकं तिथे येतं. ज्या माणसाची सगळी ताकद शब्दांत, त्याचे शब्दच का घासायचे?

क्वीन्सकर
मी लाँग आयलंड सिटीत राहते, क्वीन्सब्रिज घरापासून चालत. अल्बमची सुरुवात रेल्वेच्या खडखडाटाने होते. क्वीन्सबरो प्लाझा स्टेशनला डोक्यावरून गाड्या जातात, तिथे हेडफोन लावून उभी राहते तेव्हा कानातली गाडी कुठली आणि वरची कुठली, क्षणभर कळत नाही. सहा मजली विटांच्या इमारती समोर दिसतात. 'वन लव्ह'मध्ये तो तुरुंगातल्या मित्रांना पत्रं लिहितो, मोहल्ल्याची खबर कळवतो. ते ऐकत मी त्याच रस्त्याने घरी जाते. हे घरात सोफ्यावर बसून होणार नाही. मी तबकडीच्या विरोधात.

खरखर
नादखुळी, शेवटच्या गाण्याचं मान्य, माझ्याकडेही 'स' फुटतो. पण नवं काय मिळतं ते सांगतो. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी नासचे वडील ओलू दारा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) वाजवतात. फोनवर तिथे माझं बोट पुढच्या गाण्यावर जायचं, वर्षानुवर्षं. तबकडीवर सुई उचलायचा कंटाळा येतो, म्हणून ऐकलं. मुलाच्या गाण्यात आयुष्याचा भरवसा नाही म्हणतायत आणि मागे बाप वाजवतोय. मी जागचा हललो नाही.

वॉकमनवाला, 'हाफटाइम' आधीचं असेल, पण १९९४ ला ते बाजूच्या अगदी टोकाला ठेवलं, हा निर्णय विचारपूर्वकच असणार. कॅसेट प्लेअरला ऑटो-रिव्हर्स असायचा, बाजू आपोआप बदलायची, उठावं कुठे लागायचं?

वॉकमनवाला
माझ्या वॉकमनला नव्हता. मामेभावाने न्यू जर्सीहून आणलेली कॅसेट, दादरहून ठाणे स्लो. घाटकोपरच्या आसपास 'हाफटाइम' संपायचं. एका हाताने वरची कडी धरून, दुसऱ्या हाताने झाकण उघडून कॅसेट उलटी करायची, आणि ती गर्दीत पडू नये म्हणून छातीशी दाबून धरायची. रस्ता मीही ओलांडलाय.