विषय: कॅनडाच्या फेडरल कोर्टाची मुदत १८ तारखेला की २६ तारखेला?

वसुधा, १४ तारीख, सकाळी

सर्वांना नमस्कार.

ज्या दांपत्याची कागदपत्रे आपण काही जणांनी भाषांतरित करून दिली होती, त्यांचा कॅनडातील आश्रयाचा दावा आता निर्वासितांच्या अपील विभागानेही फेटाळला आहे. निकालपत्र त्यांच्या वकिलांच्या ईमेलवर ३ तारखेला आले आणि वकिलांनी ते त्यांना ११ तारखेला पाठवले. फेडरल कोर्टाने हा निर्णय तपासावा म्हणून आधी जो परवानगीचा अर्ज करावा लागतो, त्यासाठी १५ दिवस मिळतात, हे मला ठाऊक आहे. ते कधीपासून मोजायचे, एवढेच कळवावे. निर्णय कळवला गेल्यापासून किंवा अन्य मार्गाने कळल्यापासून, अशा अर्थाचे शब्द कायद्यात आहेत, आणि या दोघांना तो ११ तारखेलाच कळला. शिवाय कोर्टासाठी आपल्या मंडळाच्या लेटरहेडवर शिफारसपत्र मिळू शकेल का?

श्रीकांत

वसुधाताई, लेटरहेडचा निर्णय कार्यकारिणीच्या बैठकीतच होईल. मागच्या पत्रावरून झालेला मनस्ताप सर्वांच्या स्मरणात असेलच. मुदतीची एवढी धास्ती घेण्याचे कारण मात्र मला दिसत नाही. अर्जातच मुदतवाढ मागता येते. माझ्या मेहुण्यांनी मागितली होती आणि ती मिळालीही.

अरविंद

श्रीकांतराव, मुदतवाढ मागता येते, हे खरे आहे. परंतु आपल्या मेहुण्यांचे प्रकरण स्टडी परमिटचे होते आणि ते भारतातच होते, त्यामुळे त्यांना मुळात ६० दिवस होते आणि त्यांना कोणी विमानात बसवून परत पाठवणार नव्हते. येथे नेमका तोच प्रश्न आहे. अपील विभागाने दावा फेटाळल्यानंतर मुदतीत अर्ज केला, तर हद्दपारीला बहुतेक प्रकरणांत इमिग्रेशन नियमावलीतील नियम २३१ प्रमाणे आपोआप स्थगिती मिळते. अर्जात मुदतवाढ मागितली, तर ती आपोआप मिळणारी स्थगिती राहत नाही. मग हद्दपारीची तारीख आल्यावर कोर्टात वेगळा स्थगिती अर्ज करून गंभीर मुद्दा, भरून न येणारी हानी आणि कोणाची गैरसोय अधिक, हे तिन्ही सिद्ध करत बसावे लागते.

म्हणून, वसुधाताई, ११ तारखेचा युक्तिवाद कदाचित टिकेलही, पण तो करण्याची वेळच कशाला येऊ द्यायची? वकिलांना मिळालेली प्रत अशिलाला मिळाली असे कोर्टाने मानले, तर २६ तारखेला आपल्या हातात काहीच उरणार नाही. १८ तारीखच शेवटची धरावी. पहिला अर्ज चार-दोन पानांचा असतो आणि त्याचे शुल्क ५० डॉलर आहे. सविस्तर युक्तिवाद आणि प्रतिज्ञापत्रे नंतरच्या टप्प्यात द्यायची असतात.

शिफारसपत्राचा मात्र उपयोग नाही. अपील विभागासमोर जी कागदपत्रे होती, त्यांच्या आधारे निर्णय वाजवी होता की नाही, एवढेच कोर्ट पाहते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या व्हाविलोव्ह निकालापासून भर निर्णयाच्या कारणमीमांसेवर आहे. कोर्ट स्वतः आश्रय देत नाही, फार तर प्रकरण अपील विभागातील दुसऱ्या मेंबरकडे, म्हणजे निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, फेरनिर्णयासाठी पाठवते.

मीनल

निकालपत्र मी वाचले. या दोघांनी मुंबईत जाऊन राहावे, तेथे त्यांना कोण शोधणार, असे मेंबरने लिहिले आहे. घर भाड्याने घेताना पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यावी लागते, हे आपल्यापैकी कोणाला सांगावे लागेल का? मी स्वतः दोनदा तो फॉर्म भरला आहे.

अरविंद

मीनलताई, आपला अनुभव कोर्टात पुरावा ठरत नाही, पण मुद्दा अचूक आहे. देशांतर्गत पर्यायाची, म्हणजे मायदेशातच दुसरीकडे सुरक्षित राहता येईल का याची, कसोटी १९९१ च्या रसरत्नम निकालातील आहे: त्या ठिकाणी खरोखर धोका नाही ना, आणि तेथे जाऊन राहण्याची अपेक्षा ठेवणे रास्त आहे ना. ज्यांच्यापासून या दोघांना धोका आहे, त्या मुलीकडच्या माणसांना यांचा माग काढण्याची इच्छा आणि साधने आहेत का, हे पहिल्या भागात येते. भाडेकरू नोंदणीचा कागद मूळ फाईलमध्ये होता का? असेल आणि मेंबरने त्याचा उल्लेखही केला नसेल, तर परवानगी मागण्यासाठी तोच सर्वांत भक्कम आधार आहे.

मीनल

होता. त्याचे भाषांतर मीच केले होते आणि भाषांतरकाराचे प्रतिज्ञापत्रही सोबत जोडले होते.

श्रीकांत

निकालपत्रे यादीवरील कोणकोणाकडे फिरत आहेत, हे कृपया कळावे. उद्या बोल मंडळावर येईल.

वसुधा, १४ तारीख, रात्री

श्रीकांतराव, प्रत त्या दोघांच्या संमतीने केवळ मीनलकडे दिली आहे, आणि तिच्यावरील नावे मी काळ्या शाईने झाकली होती. कोर्टाची फाईल एरवी कोणालाही पाहता येते, म्हणून नाव गुप्त ठेवण्याची विनंती पहिल्या अर्जातच करायची आहे. नव्या वकील बाईंनी उद्या सकाळी नऊची वेळ दिली असून १८ तारीखच धरायची, असे त्यांनीही सांगितले. आता एकच अडचण आहे: जुन्या वकिलांनी पाठवलेल्या स्कॅनमध्ये पान ६ दोनदा आले आहे आणि पान ७ नाही. मीनल, तुझ्याकडील प्रत त्याच स्कॅनवरून काढलेली आहे, तरीही एकदा पाहून आज रात्रीच कळव.