मदत हवी आहे : ३४० व्या बॉम्बर गटाच्या दैनंदिन नोंदी

दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या अमेरिकी लष्करी हवाई दलाच्या ३४० व्या बॉम्बर गटाचा, म्हणजे बी-२५ मिचेल विमानांच्या तुकडीचा, मी सध्या अभ्यास करत आहे. मार्च १९४४ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात पॉम्पेईजवळच्या तळावरील त्यांची ७० हून अधिक विमाने राखेच्या आणि दगडांच्या वर्षावात निकामी झाली (शत्रूच्या आधी डोंगरानेच घाव घालावा, हे विलक्षणच), आणि मे महिन्यात कॉर्सिका बेटावरील अलेसानी तळावर जर्मनांनी रात्री हल्ला करून आणखी अनेक विमाने नष्ट केली. तरीही हा गट पुढे इटली आणि ऑस्ट्रिया यांना जोडणाऱ्या आल्प्समधील ब्रेनर खिंडीच्या रेल्वेमार्गावरील पूल तोडण्याच्या मोहिमेत उतरला. या दोन आघातांनंतर बदली विमाने कोठून आली, हे दाखवणाऱ्या दैनंदिन नोंदी कोणी वाचल्या असल्यास त्या कशा मिळवाव्यात, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.